बाबांचा नसलेला मुतखडा

आमच्याकडे मुतखडा हा मानाचा आजार आहे. बोअरच्या पाण्यानं पातेल्याच्या बुडाला पांढरा थर बसतो, आणि पातेल्यात बसतो तो पोटातही बसणारच, असं सगळे धरून चालतात. खडा पडला की माणूस तो धुऊन कागदाच्या पुडीत ठेवतो आणि आल्यागेल्याला दाखवतो. बघणाराही तो बोटांत धरून, उजेडात फिरवून, "चांगला मोठा हाय" अशी दाद देतो. म्हणून आपला आजार लपवायचा ठरल्यावर बाबांनी मुतखडा निवडला. निवड चांगली होती. मी एवढंच म्हणेन की त्यांनी पुढचा विचार केला नव्हता.

खरा आजार होता मोठ्या आतड्याच्या शेवटच्या टोकाचा कॅन्सर. शेवटचं टोक म्हणजे नेमकं कुठलं, हे लिहितानाही माझा हात थोडा थांबतो. 'मूत' हा शब्द आमच्या घरात, रस्त्यावर, लग्नाच्या पंगतीतसुद्धा बिनदिक्कत चालतो. पण मागची जागा अख्ख्या सेनगाव तालुक्यात कोणालाच नाही, असा सगळ्यांचा समज आहे.

बाबा आमच्या साखरा गावाहून सेनगावला काळी-पिवळी जीप चालवतात. जीपमध्ये बोललेलं संध्याकाळपर्यंत तालुक्याला कळतं, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत नसेल. त्यांना रक्त पडायला लागलं तेव्हा त्यांनी ते आधी आईपासून लपवलं. मग मूळव्याध म्हणून कसल्याशा गोळ्या खाल्ल्या. अंगातलं बळ गेलं, स्टिअरिंग ओढवेना, तेव्हा आई त्यांना हिंगोलीच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी हातमोजा चढवला आणि बोट घालून तपासलं. बाबा घरी आले आणि कोणाशीच बोलेनात. आईला वाटलं, रोगाचा धक्का बसला. रोगाचं नाव तर अजून निघालंही नव्हतं. धक्का बोटाचा होता.

नाव निघालं ते मोठ्या शहरातल्या हॉस्पिटलात, दुर्बिणीच्या तपासणीनंतर. मग किरणं आणि औषधं झाली. महिनोन् महिने बाबा जीपवर नव्हते. लोक विचारायचे, तेव्हा आई सांगायची, "खडा लई मोठा हाय. लेझरनं फोडून राहिले." आई खोटं बोलताना पदर सारखा करते. त्या काळात तिचा पदर कायम नीट असायचा.

लोकांनी आमच्यावर उपकारच केले. पानफुटीची पानं इतकी आली की शेळीनं त्यांच्याकडे बघायचं सोडलं. एका पाहुण्यानं भुट्ट्याचे केस वाळवून आणले. सेनगावच्या स्टँडवरच्या एका ड्रायव्हरनं खात्रीनं सांगितलं, "रोज एक बिअर मारा काका, खडा धारेसंगं जातो." बाबा माळकरी नाहीत, पण आईला घाबरतात. तरी त्या एका सल्ल्यावर त्यांनी बराच वेळ विचार केल्यासारखं तोंड केलं होतं.

मी तेव्हा हिंगोलीला बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. त्यामुळे मला सगळं येतं, असा घरच्यांचा गैरसमज होता, आणि तो दूर करायची माझी हिंमत नव्हती. हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाई जे बोलायच्या ते मी वहीत उतरवून घ्यायचे, लॉजवर येऊन मोबाईलवर शोधायचे, आणि मग बाबांना आमच्या भाषेत सांगायचे. त्यातलं किती बरोबर होतं, देव जाणे.

उपचार संपल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "गाठ दिसत नाहीये. आता दोन रस्ते आहेत." एक म्हणजे ऑपरेशन. तो सगळा भाग काढून टाकायचा. पण गाठ इतकी खाली होती की नंतर जोडायला जागाच उरत नव्हती. पोटावर एक तोंड काढायचं आणि तिथं कायमची पिशवी लावायची. दुसरा रस्ता म्हणजे ऑपरेशन न करता दर तीन महिन्यांनी तपासत राहायचं. पण गाठ खरंच मेली असेल तरच. वरून जखमेचा व्रण दिसत होता. खाली काही जिवंत आहे का, हे नुसत्या डोळ्यांनी नक्की सांगता येत नव्हतं.

मी बाबांना सांगितलं, "वावर वरून साफ दिसतं ना, पण हराळीची मुळी खाली राहिली का ते कळत नाही, तसं."

"मंग नांगरून टाका म्हनावं," बाबा आधी बोलून गेले. मग नांगर कुठं चालणार आहे ते लक्षात आलं आणि बसल्या जागी सावरून बसले.

पिशवीची त्यांना फार भीती होती. मरणापेक्षा जास्त, असं मला कधीकधी वाटायचं. तिथल्या नर्सनं समजावलं होतं की पिशवी लावलेली माणसं शेती करतात, गाड्या चालवतात, लेकरांची लग्नं लावतात. मी ते बाबांना जसंच्या तसं सांगितलं.

"त्या मान्सांना म्हनाव, एकदा माझ्या जीपमधी बसा," बाबा म्हणाले. "बोनेटवर दोन, मागं कोंबून सात-आठ, आन् सेनगावच्या अलीकडं जीप खड्ड्यात आदळली. माझ्या मांडीवर ज्याचं गाठोडं हाय त्यानं पोटाला रेटा दिला. मंग? सगळा माल पुढच्या काचीवर."

आई रडत होती ती हसायला लागली, आणि हसल्याबद्दल बाबांवरच चिडली.

डॉक्टरीणबाईंचा एक अभ्यास चालू होता. तयार असाल तर त्यात तुम्हाला घेते, म्हणाल्या. नेहमीचा एमआरआय आणि दुर्बीण होणारच, त्याच्या जोडीला एक नवीन तपासणी. बोटाएवढी नळी आत घालायची. तिच्या टोकातून लेझरचे अगदी बारीक, क्षणभराचे झोत आतड्याच्या भिंतीवर सोडायचे. रक्त तो उजेड शोषतं, किंचित तापतं, किंचित फुगतं आणि त्याचा आवाज होतो. कानाला येणारा नाही, सोनोग्राफीच्या जातीचा. तो नळी ऐकते आणि त्यावरून भिंतीच्या आतल्या रक्तवाहिन्यांचं चित्र काढते. धड भिंतीत त्या ओळीनं, थरानं असतात. गाठ असली तर तिथली घडी विस्कटलेली असते. गाठ मेली, तर हळूहळू पुन्हा धड वाहिन्या येतात. म्हणजे वरच्या व्रणाखाली काय चाललंय याचा अंदाज लागतो. "अंदाज," त्या दोनदा म्हणाल्या. "एवढ्यावर आम्ही निर्णय घेत नाही. अजून शिकतोय."

मला ते इतकं आवडलं की बाबा आजारी आहेत हे मी थोडा वेळ विसरले. खरं सांगते. कॉलेजात आम्हाला प्रकाशाचा धडा वेगळा आणि ध्वनीचा वेगळा, दोघांची गाठ कधी पडली नव्हती.

बाबांना कसं सांगावं हा प्रश्न होता. शेवटी मला आमचे पत्रे आठवले. "बाबा, सकाळी ऊन पडलं की पत्रा कडकड वाजतो ना? ऊन लागतं, पत्रा फुगतो, आवाज होतो. इथं तसंच. पत्र्याच्या जागी रक्त."

बाबांनी बराच विचार केला. "म्हंजी माझ्या ढुंगनाचा पत्रा वाजवनार."

"तसंच काहीसं."

"आन् त्या डॉक्टरीनबाई ऐकनार."

"मशीन ऐकणार."

"बराबर," बाबा म्हणाले. "बाईमान्सानं ऐकन्यापरीस मशीननं ऐकल्यालं बरं."

तपासणीला आदल्या दिवसापासून फक्त पातळ घ्यायचं होतं. भाताची गाळलेली पेज, नारळपाणी, दूध न घातलेला चहा. साखऱ्याहून शहर लांब, म्हणून आम्ही आदल्या दिवशी जवळा बाजारला आत्याकडे मुक्काम केला. तिथून पहाटे परभणीची बस मिळते आणि पुढे रेल्वे. आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. जवळ्याच्या आठवडी बाजारात ती डाळी आणि कडधान्यं विकते, आणि साऱ्या बाजाराला सल्ले फुकट देते. तिलाही मुतखडाच सांगितला होता. मुळात बाबांचं म्हणणं असं की आत्याला खरं सांगणं म्हणजे टॉवरवर स्पीकर लावणं.

आत्यानं माडगं करून ठेवलं होतं. हुलगे, म्हणजे कुळीथ, भाजून, भरडून, लसूण-मिरची घालून शिजवलेलं, काळपट, वाफाळतं. मुतखड्यावर हुलग्यासारखं औषध नाही, हे आमच्याकडे लेकरालाही माहीत असतं.

"मला पातळच घ्यायचंय आक्का," बाबा म्हणाले.

"मंग हे काय घट हाय व्हय?" आत्यानं पळी वर धरली आणि माडग्याची धार सोडली. "बघ. पान्यासारखं हाय का न्हाई?"

पाण्यासारखं होतं. मी आईकडे बघितलं, आईनं माझ्याकडे बघितलं. मला आतून वाटत होतं की हे काही बरोबर नाही. पण नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागणार होतं, आणि कारण तर खड्याआड दडवलेलं. शिवाय पातळ म्हणजे पातळ. डॉक्टरांनी गाळलेलं म्हटलं होतं ते पेजेबद्दल, माडग्याबद्दल काहीच म्हटलं नव्हतं. अशी मी माझी समजूत काढली. बाबा कित्येक महिन्यांनी काहीतरी तिखट खात होते. वाटी पुन्हा पुढे करायचे, आणि आत्या भरायची.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात त्यांना एनिमा दिला, आत नेलं. आम्हाला वाटलं बराच वेळ लागेल. पण दार लवकरच उघडलं आणि डॉक्टरीणबाईंनी आम्हाला आत बोलावलं. बाबा हिरव्या चादरीखाली कुशीवर पडलेले, तोंड भिंतीकडे. पडद्यावर काळ्या जागेत पिवळे-लाल ठिपके चमकत होते, जागा दिसेल तिथं.

"हे बघा," त्या मला म्हणाल्या. मी वही घेऊन हिंडते म्हणून मलाच म्हणत असत. "हे काय आहे सांगू? कसलीतरी टरफलं. काळी वस्तू उजेड शोषते. या चिकटलेल्या तुकड्यांचाच आवाज येतोय, खालचं काही ऐकू येईना. काय खाल्लं काल?"

मी वही चाळायला लागले.

"माडगं," शेवटी आई म्हणाली.

"हुलग्याचं?" डॉक्टरीणबाईंना माडगं माहीत होतं. मला त्याचंच जास्त वाईट वाटलं. "तपासणीच्या आदल्या दिवशी? कोणी सांगितलं?"

"ते... मुतखड्याला चांगलं असतं म्हून."

त्यांनी कागद चाळले. पुढची पानं, मागची पानं. "मुतखडा कोणाला आहे?"

"मला," भिंतीकडून बाबांचा आवाज आला.

"तुम्हाला मुतखडापण आहे? हे मला कोणी सांगितलंच नाही!"

"न्हाई."

"नाही म्हणजे?"

"म्हंजी मुतखडा न्हाई मला. पन हाय म्हनून सांगितल्याला हाय."

डॉक्टरीणबाई खाली बसल्या. बरोबरचा तरुण डॉक्टर कापडी पडद्यामागे गेला आणि तिथून खोकल्यासारखा आवाज येत राहिला. दोघांचं हसून झाल्यावर डॉक्टरीणबाई बाबांच्या डोक्याशी गेल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात परत या. त्या दिवशी एमआरआय आणि दुर्बीणही करू, मग ऑपरेशनचं ठरवू. आणि काका, सख्खं कोण आहे तुम्हाला? भाऊ, बहीण?"

"एक बहीन."

"त्यांनाही आतड्याची तपासणी करून घ्यायला सांगा. सख्ख्या नात्यात धोका थोडा जास्त असतो. आणि त्यांना मुतखडा सांगू नका."

दुसऱ्या दिवशी परतताना रेल्वेत बाबा खिडकीबाहेर बघत बसले. परभणी येईपर्यंत एवढंच म्हणाले, "आक्काला न्हाई कळलं तर ती पुढच्या आठवड्यालाबी माडगं करनार."

"करणारच," आई म्हणाली.

"आन् तिची तपासनी राहिल ती राहिल."

जवळ्यात उतरलो तेव्हा बाजार भरलेला होता. आत्या ताडपत्रीखाली पोत्यांच्या मध्ये बसलेली, हातात तराजू. बाबांना वाटलं, बाजारात सांगितलं तर गडबडीत निभावून जाईल. तो त्यांचा अंदाज चुकला.

"पडला का खडा?" आत्यानं लांबूनच ओरडून विचारलं.

"आक्का, खडा न्हाई," बाबा जवळ जाऊन म्हणाले.

"विरघळला? बघ, म्हनलं न्हवतं म्या!"

"कंदीच न्हवता. कॅन्सर हाय."

आत्या तूरडाळ तोलत होती, तिनं तराजू तसाच धरून ठेवला. गिऱ्हाईक बाई तिची पिशवी उघडी धरून उभी. मला वाटलं आत्या रडेल. ती म्हणाली, "मंग इतके महिने मी काय येडी व्हते? गावोगाव हिंडून पानफुटी गोळा करून राहिले ती कोनासाठी? तुझ्या शेळीसाठी?"

"आक्का, हळू बोल."

"काहून हळू बोलू? कुठं झालाय ते तरी सांग!"

बाबांनी आधी आईकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी कॉलेजात शिकते, तेव्हा हेही माझ्याकडेच आलं. मी पुस्तकातला शब्द शोधला, तो तिथं उपयोगाचा नव्हता. शेवटी म्हटलं, "आत्या, संडासच्या जागी. आतून."

आत्यानं तराजू खाली ठेवला. मग तिनं पोत्यावर हात मारून जागा केली. "बस हितं," म्हणाली. आणि लगेच, "बसता येतं ना?"

"येतं," बाबा म्हणाले आणि बसले. तेव्हा ती रडली. बाबा तिच्या खांद्यावर हात ठेवून "चांगलं व्हनार हाय, तपासून राहिले" असं सांगत होते, आणि गिऱ्हाईक बाई डाळीचं विसरून आपल्या नणदेच्या कॅन्सरचं सांगत होती. बाबांना ज्याची भीती होती ते सगळं तिथंच, एका दमात झालं. त्यांचं तोंड लाल झालं होतं, पण ते उठून गेले नाहीत.

तेवढ्यात मी चाचरत आत्याला सांगितलं की तिनंही तपासून घ्यायला हवं.

"माझ्या ढुंगनात कोन्ही काही घालनार न्हाई," आत्या डोळे पुसत म्हणाली. आजूबाजूच्या दोन-तीन दुकानांनी तिला पाठिंबा दिला.

"आक्का, मला काय हौस व्हती?" बाबा म्हणाले. "हिंगोलीच्या डॉक्टरचं बोट एवढं हाय," त्यांनी आपल्या हाताचं दाखवलं. "घालतानी देव आठवतो. मंग काही न्हाई." भर बाजारात, स्वतःच्या तोंडानं. मी आणि आई एकमेकींकडे बघायचं टाळत होतो.

पुढच्या आठवड्यात आत्या आमच्याबरोबर आली. बाबांवर तिचा विश्वास उरला नव्हता, म्हणून पातळाची राखण करायला. नारळपाण्यातलं खोबरंसुद्धा तिनं त्यांना खाऊ दिलं नाही. रेल्वेत चहावाल्याला दूध नको म्हणून तिनं इतक्यांदा बजावलं की शेवटी त्यानं डबा बदलला.

त्या दिवशी सगळं झालं. एमआरआय, दुर्बीण, आधी नेहमीप्रमाणे बोट, आणि शेवटी ती नळी. डॉक्टरीणबाईंनी मला परत पडद्यापाशी बोलावलं. मला जे दिसलं ते मला नीट कळलं असं मी म्हणणार नाही. पण या वेळी ठिपके नव्हते. कडेनं बारीक रंगीत रेघा होत्या, एकीखाली एक, बऱ्यापैकी ओळीनं. मधे एका जागी ओळ फिकट होती. तिथं व्रण होता, त्या म्हणाल्या, पण त्याच्या खालीही रेघा होत्या. माझं काळीज इतकं जोरात वाजत होतं की मला वाटलं ते मशीन तेही ऐकेल.

बाहेर येऊन त्यांनी आम्हा चौघांना एकत्र सांगितलं. एमआरआयमध्ये गाठ नाही. दुर्बिणीत नाही. बोटाला लागत नाही. नव्या तपासणीचा अंदाजही तसाच आहे. ऑपरेशन आता करायचं नाही. दर तीन महिन्यांनी यायचं, एकही वेळ चुकवायची नाही, आणि परत काही दिसलं तर मग ऑपरेशनला नाही म्हणायचं नाही.

"म्हंजी पिशवी?" आत्यानं विचारलं.

"सध्या नाही."

"सध्या म्हंजी?"

"सध्या म्हणजे सध्या, मावशी. याच्यापेक्षा जास्त मी सांगितलं तर खोटं होईल."

आई बाकावर बसली. आत्यानं डॉक्टरीणबाईंच्या तोंडावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. मला काय करावं ते कळेना, म्हणून मी वहीत 'दर तीन महिन्यांनी' असं लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली. या गडबडीत बाबा कधी उठून गेले ते कोणालाच कळलं नाही.

आम्ही आधी थोडं थांबलो. मग आई उठली. जिन्यापाशी नाहीत, औषधाच्या दुकानापाशी नाहीत. आईच्या डोळ्यांत परत पाणी यायला लागलं. आनंदानं माणसाला काहीही होतं, असं तिनं कुठंतरी ऐकलं होतं. शेवटी कॉरिडॉरच्या टोकाला पुरुषांच्या संडासाचं दार उघडलं आणि बाबा पँटचा पट्टा आवळत बाहेर आले.

"काय झालं?" आई धावली. "पोट बिघडलं का? रगत हाय का?"

"काही न्हाई."

"मंग इतका येळ काय करून राहिले व्हते? पोटात तर काल धरनं काही न्हाई!"

"न्हाईच," बाबा म्हणाले. "नुसता बसलो व्हतो. म्हनलं, जागा आपली हाय तवर बसून घ्यावं."